सावलीसाठी व मधमाश्यांसाठी करंज

पुणे शहराच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर वसलेले हडपसर भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा येथून पुढे दौंडच्या बाजूस जातो. या कालव्याच्या व विहिरींच्या पाण्यावर हडपसर, मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या बाजारास भाजी पुरविली. फुरसुंगी गावाच्या नावाने ओळखला जाणारा, फिकट तांबडा व साठवणीत टिकणारा रब्बी कांदा तर या भागाबाहेरही सर्वत्र लावला जातो.

गेल्या काही दशकांत या भागाचे रूप पालटले. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून सन २००० पासून तेथे नवे नगर वसविले. इतरत्रही मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, रस्ते रुंद झाले आणि बांधावरची, विहिरीवरची व रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. झाड गेले म्हणजे सावली गेली, हे कोणाच्याही लक्षात येते. परंतु त्या झाडाबरोबर उन्हाळ्यातील फुलोरा गेला आणि त्या फुलोऱ्यावर जगणाऱ्या मधमाश्याही दूर गेल्या, हे सहजासहजी ध्यानात येत नाही. ते कळते ते काकडीचा माल वाकडा निघू लागतो आणि कांद्याच्या गोंड्यात बी भरत नाही तेव्हा.

म्हणून जो शेतकरी आज बांधावर किंवा विहिरीवर सावलीसाठी एखादे झाड लावू इच्छितो, त्याने सावलीबरोबरच त्या झाडाला फुले केव्हा येतात याचाही विचार केला पाहिजे. या दोन्ही दृष्टींनी हडपसरच्या जमिनीस व हवामानास मानवणारा वृक्ष म्हणजे आपला परिचित करंज. त्याची लागवड व निगा कशी करावी, याची माहिती पुढे दिली आहे.

मधमाशी नसेल तर काय बिघडते?

काकडी, कारले, तांबडा भोपळा, कलिंगड, खरबूज या वेलवर्गीय पिकांत नर फुले व मादी फुले सामान्यतः वेगवेगळी असतात. नर फुलातील पराग चिकट व जड असल्यामुळे तो वाऱ्याने उडून मादी फुलावर पडत नाही. तो कोणीतरी वाहून न्यावा लागतो आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. मादी फूल बहुधा एका दिवसापुरतेच उमललेले असते. तेवढ्या वेळात त्यावर पुरेसा पराग पडला नाही, तर फुलामागची कोवळी काकडी पिवळी पडून गळते. पराग अपुरा पडला तर फळ एका बाजूने फुगते व दुसऱ्या बाजूने आखडते. असा वाकडा माल बाजारात कमी भावाने जातो. शेतकरी पुष्कळदा खत किंवा पाणी कमी पडले असे समजून त्याचा खर्च वाढवितो. मूळ कारण मात्र निराळेच असते.

कांद्याच्या बीजोत्पादनातही हीच अडचण येते. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात. प्रत्येक फुलातील पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर पराग घेण्यास नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाचे स्वतःचे परागण सहसा होत नाही. दुसऱ्या फुलावरून पराग आणणारा कीटक तेथे यावाच लागतो. माश्या पुरेशा नसतील तर गोंडा वरून भरलेला दिसतो, पण चोळून पाहिल्यास हाती बी थोडे आणि फोल अधिक लागते. बियाण्याचा भाव व ते पिकविण्यास लागणारे महिने लक्षात घेतले म्हणजे हे नुकसान किती मोठे आहे, हे समजून येईल.

या भागात आग्या, सातेरी व फुलोरी या देशी मधमाश्या आढळतात. आग्या माशी उंच झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर व इमारतींच्या सज्जांखाली मोठे उघडे पोळे बांधते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते व ती पेटीत पाळता येते. फुलोरी माशी झुडपांवर लहानसे एकच पोळे बांधते. यांशिवाय युरोपीय जातीच्या मधमाश्याही मधपाळ पेट्यांतून पाळतात. या सर्व जातींना वर्षभर मकरंद व पराग मिळाला, तरच त्या आपल्या शिवारात टिकून राहतात.

उन्हाळ्यातील तुटवडा

रब्बी हंगामात मधमाश्यांना चाऱ्याची फारशी वाण नसते. करडई, सूर्यफूल, बियाण्यासाठी राखलेली कोथिंबीर व कांदा यांवर त्यांचा निर्वाह होतो. कांद्याच्या बियाण्याचे पीक जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत फुलात असते. मार्चनंतर ही पिके निघतात, शेते मोकळी होतात आणि ऊन तापू लागते. याच सुमारास उन्हाळी काकडी व कलिंगडाच्या वेलींना माश्यांची गरज असते; परंतु केवळ थोड्याशा वेलींवर संपूर्ण वसाहतीचे पोट भरत नाही.

सातेरी माशीचा एक स्वभाव येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चारा आटला, पाणी मिळेना व उष्णता असह्य झाली, तर ती आपली जागा सोडून निघून जाते. पेटीत पाळलेली वसाहतही याला अपवाद नाही. पुढच्या हंगामात पीक फुलावर येते तेव्हा शेजारी माशी उरलेली नसते. म्हणून उन्हाळ्यातील दोन-अडीच महिने माशीला आपल्या शिवारात टिकवून धरणे हा या प्रश्नाचा गाभा आहे. एका हंगामाच्या पिकाने हे साधत नाही. ते दरवर्षी नेमाने फुलणाऱ्या झाडांनीच साधते.

करंजच का निवडावा?

करंज हा आपल्या देशातील मूळचा, शिंबी कुळातील मध्यम उंचीचा वृक्ष आहे. करंजे, करंजगाव यांसारखी गावांची नावे त्याच्याशी असलेला जुना संबंध दाखवितात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची जुनी पाने गळतात. पण झाड फार दिवस उघडे राहत नाही. लगेच तांबूस, तुकतुकीत पालवी फुटते व ती थोड्याच दिवसांत गर्द हिरवी होते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात, म्हणजे सावलीची गरज सर्वांत अधिक असते तेव्हा, करंजाची छाया दाट झालेली असते. शोभेच्या दृष्टीनेही हिरवा, गोलसर घेर असलेला हा वृक्ष रस्त्याकडेला व अंगणात उठून दिसतो.

मार्चअखेरीपासून मे महिन्यापर्यंत पानांच्या बगलांतून पांढऱ्या व फिकट जांभळट फुलांचे तुरे येतात. झाड फुलावर असताना त्याखाली उभे राहिल्यास माश्यांचा गुंजारव स्पष्ट ऐकू येतो. करंजाच्या फुलांतून माशीला मकरंदही मिळतो आणि परागही मिळतो. मधमाश्यांबरोबर मोठे काळे भुंगेही या फुलांवर येतात. फुलांचा सडा झाडाखाली पडतो. तो झाडून जाळून टाकू नये. ही फुले कुजवून कुंड्यांना व वाफ्यांना चांगले खत होते.

शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या इतर झाडांशी तुलना केली असता करंजाचे गुण अधिक स्पष्ट होतात. गुलमोहर हा मूळचा मादागास्कर बेटावरील वृक्ष आहे. तो लवकर वाढतो व सुंदर दिसतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असते व वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या मोडतात. लाल-नारिंगी फुलांचे पिचकारीचे झाड आफ्रिकेतून आलेले आहे. ब्राझील देशात या झाडाच्या फुलांत डंखरहित जातीच्या मधमाश्या मरून पडलेल्या आढळल्याची नोंद आहे. मधमाश्यांसाठी झाड लावावयाचे असेल तर हे झाड निवडू नये.

करंजाला आणखी काही गोष्टी अनुकूल आहेत. पुण्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षास सुमारे ७०० मिलिमीटर आहे. एकदा मूळ धरल्यावर एवढ्या पावसावर हे झाड तग धरते. कालव्याच्या पाझरामुळे पाणी साचणारी व काहीशी खारवट झालेली जमीनही ते सहन करते. त्याच्या मुळांवर गाठी असतात व त्यांतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. जनावरे त्याचा पाला फारशा आवडीने खात नाहीत, त्यामुळे राखण सोपी होते.

तथापि एका गोष्टीविषयी गैरसमज नसावा. एक-दोन करंज लावले म्हणजे मधाचे उत्पन्न सुरू होईल, असे नव्हे. करंजाचा खरा लाभ टंचाईच्या दिवसांत माशीला आधार देण्यात आहे.

रोपे तयार करणे

रोपांसाठी निरोगी, भरपूर फुलणाऱ्या व चांगला घेर असलेल्या झाडाच्या शेंगा निवडाव्यात. करंजाची शेंग चपटी, जाड सालीची व करंजीच्या आकाराची असते आणि तिच्यात बहुधा एकच बी असते. ती आपोआप उकलत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत शेंगा पिकून तपकिरी होतात. त्या काढून उन्हात वाळवाव्यात व लाकडी मोगरीने हलकेच ठोकून बी वेगळे करावे. भरदार, तांबूस तपकिरी बी घ्यावे. सुरकुतलेले व किडके टाकून द्यावे. जुन्या बियांची उगवण कमी होते, म्हणून त्याच वर्षीचे बी वापरावे.

बियांना कोणतीही विशेष प्रक्रिया लागत नाही. एक रात्र साध्या पाण्यात भिजत घातले तरी पुरे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. त्यात जुन्या करंजाखालची मूठभर माती मिसळावी, म्हणजे मुळांवर गाठी धरण्यास लागणारे जिवाणू रोपाला लहानपणीच मिळतात. प्रत्येक पिशवीत एक बी सुमारे एक इंच खोल लावावे. दोन ते तीन आठवड्यांत बी उगवते. पिशव्या विरळ सावलीत ठेवाव्यात व पाणी बेताने द्यावे. दर दीड-दोन महिन्यांनी पिशव्या उचलून जागा बदलावी. नाहीतर सोटमूळ पिशवीतून खाली जमिनीत शिरते व लावणीच्या वेळी तुटते. पुढील पावसाळ्यापर्यंत रोपे दोन ते तीन फूट उंच झाली म्हणजे ती कायम जागी लावण्याजोगी होतात.

जागेची निवड

पुष्कळ ठिकाणी चांगली झाडे पुढे तोडावी लागतात, याचे कारण लागवडीच्या वेळी जागेचा विचार केलेला नसतो. करंजाची मुळे खोल जातात, तशी आडवीही दूरवर पसरतात व त्यांवरून धुमारे फुटतात. म्हणून विहिरीचे बांधकाम, कालव्याचे अस्तर, घराचा पाया व सांडपाण्याची नळी यांपासून हे झाड किमान पंधरा ते वीस फूट दूर लावावे. वर विजेच्या तारा असतील तेथे लावू नये.

शेताच्या बांधावर लावताना सावली कोठे पडेल हे आधी पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो व झाडाची सावली उत्तरेस पडते. त्यामुळे शेताच्या उत्तर बांधावरील झाड आपल्या रब्बी पिकावर सावली धरीत नाही. मात्र ती सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडू नये, हे पाहणे आपलेच कर्तव्य आहे. बांधाच्या पलीकडे वाट, पाणंद किंवा ओढा असेल तर ती जागा सर्वांत उत्तम. जनावरांच्या गोठ्याजवळ, खळ्याच्या कडेस, शाळेच्या पटांगणात, बाजाराच्या जागी व गृहसंस्थांच्या मोकळ्या आवारातही करंज शोभतो. रांगेत लावावयाचे असल्यास दोन झाडांत पंचवीस फूट अंतर ठेवावे.

सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारणपणे एक किलोमीटरच्या आत फिरते. म्हणजे एका शेतकऱ्याच्या बांधावरील झाडांचा उपयोग शेजारच्या अनेक मळ्यांना होतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकेकट्या शेतकऱ्यास झाड देण्याऐवजी एका वस्तीतील पाच-दहा शेतकऱ्यांना एकत्र आणून, सर्वांच्या बांधांवर मिळून लागवड होईल असा प्रयत्न करावा.

लागवड व पाणी

एप्रिल-मे महिन्यांत दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. पावसापूर्वी वरच्या थरातील चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळून खड्डे भरावेत. पहिले एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर रोप लावावे. पिशवी काळजीपूर्वक फाडून मातीचा गोळा न फुटता रोप खड्ड्यात ठेवावे व भोवती माती घट्ट दाबावी. रोपाला आधाराची काठी द्यावी आणि बाभळीच्या काट्यांचे किंवा बांबूचे कुंपण करावे.

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर हिवाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी व उन्हाळ्यात दर आठवड्यास एका रोपास पंधरा ते वीस लिटर पाणी द्यावे. बुंध्याभोवती आळे करून त्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. मात्र ते बुंध्यास चिकटवू नये. दुसऱ्या वर्षी पाण्याचे अंतर वाढवावे व तिसऱ्या वर्षी केवळ उन्हाळ्यात पाणी दिले तरी चालते. आळ्यात गवत वाढू देऊ नये. पुष्कळ रोपे पहिल्या पावसाळ्यात जगतात व पहिल्या उन्हाळ्यात मरतात. म्हणून जितक्या रोपांना पहिल्या मे महिन्यात पाणी देता येईल, तितकीच रोपे लावावीत. शंभर लावून दहा जगविण्यापेक्षा दहाच लावून दहाही जगविणे हिताचे आहे.

बियांपासून केलेल्या झाडास साधारणपणे चार ते सात वर्षांत फुले येऊ लागतात. तोपर्यंतच्या काळासाठी लवकर फुलणारा शेवगा शेजारी लावावा.

छाटणी व कीड

करंजाला लहानपणी जमिनीलगतच अनेक फांद्या फुटतात. सावलीचे झाड करावयाचे असेल तर एक सरळ खोड राखून खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढाव्यात. चार-पाच वर्षांत सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळे झाले म्हणजे त्याखालून माणसे व जनावरे सहज ये-जा करू शकतात. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक घेर काढू नये. बुंध्यापासून व मुळांवरून निघालेले धुमारे कोवळे असतानाच काढून टाकावेत.

छाटणीच्या वेळेस फार महत्त्व आहे. फुलांचे तुरे नव्या पालवीबरोबर येतात. जानेवारी ते मार्चमध्ये फांद्या छाटल्यास त्या वर्षीचा फुलोरा बुडतो आणि माश्यांचा उन्हाळा कोरडा जातो. म्हणून छाटणी फुलोरा ओसरल्यावर व पावसाला जोर चढण्यापूर्वी करावी. महानगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडण्यापूर्वी किंवा मोठी छाटणी करण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ सालापासून स्वतंत्र कायदा आहे.

करंजाच्या पानांवर पुष्कळदा लहान लहान गाठी किंवा बोटांसारखे फोड दिसतात. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांमुळे होतात. पाने पोखरणाऱ्या अळीमुळे पानांवर पांढुरक्या रेषा व डागही पडतात. पाने कुरूप दिसली तरी मोठ्या झाडाचे यामुळे फारसे बिघडत नाही. त्यासाठी औषध फवारण्याचे कारण नाही. लहान रोपांवर असे दिसल्यास ग्रासलेली पाने तोडून नष्ट करावीत व जरूर तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. झाड फुलावर असताना कोणत्याही कीटकनाशकाचा फवारा त्यावर मारू नये.

माश्यांची काळजी

झाड लावून माश्या बोलवाव्यात आणि शेजारच्या वाफ्यात विषारी औषध फवारावे, हे विसंगत होय. पीक फुलावर असताना शक्य तो फवारणी टाळावी. टाळता येत नसेल तर माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी उशिरा करावी व माश्यांना कमी अपायकारक असे औषध कृषी खात्याच्या सल्ल्याने निवडावे. शेजारी कोणी मधपेट्या ठेवल्या असतील, तर त्यास आदल्या दिवशी कळवावे. दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात. तेथे फवारणीची वेळ विशेष विचाराने ठरवावी.

माश्यांना उन्हाळ्यात पाण्याची गरज फार असते. एका पसरट भांड्यात खडे घालून त्यात रोज स्वच्छ पाणी भरावे. खड्यांवर बसून माश्या न बुडता पाणी पितात. मधपेटी ठेवावयाची असल्यास ती करंजाच्या सावलीत, जमिनीपासून उंच, मुंग्या चढणार नाहीत अशा तिवईवर ठेवावी. वेलींच्या परागणासाठी पेट्या आणताना पिकाची थोडी फुले उमलू लागल्यावर आणाव्यात. फार आधी आणल्यास माश्यांना दुसऱ्याच फुलांची सवय लागते.

करंज फुलला म्हणजे माश्या त्यावरच गुंततील व काकडीच्या वेलीकडे येणार नाहीत, अशी शंका काही शेतकरी काढतात. एक माशी एका फेरीत बहुधा एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, हे खरे. परंतु एका वसाहतीत हजारो कामकरी माश्या असतात व त्यांचे निरनिराळे गट निरनिराळ्या फुलांवर जातात. बांधावरच्या थोड्या झाडांमुळे वसाहत सशक्त राहते आणि सशक्त वसाहतीतूनच अधिक माश्या शेतावर येतात.

झाडावर माश्या येतात म्हणून घराजवळ करंज नको, असेही काही जण म्हणतात. फुलावर चारा गोळा करणारी माशी तिला चिरडल्याशिवाय सहसा डंख मारीत नाही. धोका असतो तो पोळ्याजवळ. आग्या माशीच्या पोळ्यास दगड मारणे, त्याखाली धूर करणे किंवा फटाके उडविणे अत्यंत धोक्याचे आहे. पोळे हलविणे आवश्यकच असेल तर प्रशिक्षित माणसाकडून हलवावे, जाळू नये.

शेंगांचा उपयोग

करंजाच्या बियांत साधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपास तेल असते. त्यास करंजेल म्हणतात. पूर्वी ते दिव्यात जाळीत. साबणासाठी, कातडे कमाविण्यासाठी व त्वचेच्या विकारांवर लावण्यासाठीही ते वापरले जाते. तेल काढल्यावर राहिलेल्या पेंडीत सुमारे चार टक्के नत्र असते व ती शेतास उत्तम खत होते. परंतु बी, तेल व पेंड ही कडू व अपायकारक असून खाण्यायोग्य नाहीत. लहान मुलांच्या हाती बी लागू देऊ नये व पेंड जनावरांना चारू नये.

समारोप

मधमाशीपालनाची माहिती मिळण्याची सोय हडपसरच्या शेतकऱ्यांस दूर नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ साली स्थापन केलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराजवळील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे डोंगराची विपुल वनसंपत्ती आहे. हडपसरला ती नाही. येथील शेतकऱ्यास आपला फुलोरा आपणच लावून तयार करावा लागेल.

त्यासाठी मोठ्या क्षेत्राची आवश्यकता नाही. शेवगा जानेवारीपासून मार्चपर्यंत, करंज व कडुनिंब मार्चपासून मेपर्यंत आणि चिंच त्यापुढे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फुलते. या चार झाडांची साखळी बांधांवर, विहिरींवर व पाणंदींच्या कडेने उभी राहिली, तर माशीला शिवार सोडून जाण्याचे कारण उरणार नाही. ज्यांचे मळे राहिले नाहीत व जमिनीवर इमारती झाल्या, त्यांनाही आवारात एक करंज लावता येईल. त्यावरची माशी पलीकडच्या गावातील काकडीवर जाईल.

यंदा शेंगा गोळा करून रोपे केली, तर पुढील पावसाळ्यात झाड जमिनीत लागेल. त्याची दाट सावली लावणाऱ्यास मिळण्यास काही वर्षे लागतील. परंतु ज्या वर्षी त्यावर पहिला तुरा येईल, त्या वर्षापासून शेजारच्या वाफ्यातील वेलींवर माश्यांची ये-जा वाढेल, आणि लावणाऱ्याच्या श्रमांचा लाभ त्याच्याबरोबर साऱ्या शिवाराला मिळू लागेल.